आइस-टी आणि आइस क्यूब: दोघांत फरक काय?

‘कॉप किलर’ हे अमेरिकन रॅपर आइस क्यूबचं गाजलेलं रॅप गाणं, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि बाकीचे माना डोलावतात. यात दोन चुका आहेत. गाणं आइस क्यूबचं नाही, आइस-टी या दुसऱ्या रॅपरचं आहे. आणि ते रॅपही नाही.

पण घोळ होतो याचं मला नवल वाटत नाही. दोघांच्या नावात आइस, दोघांचं नाव लॉस एंजेलिसमध्येच झालं, गँगस्टा रॅपच्या, म्हणजे टोळ्यांचं जग मांडणाऱ्या रॅपच्या, पायाभरणीत दोघांचा हात. दोघांच्याही गाण्यांनी पोलीस खवळले, आणि पुढे पडद्यावर दोघांनीही पोलिसाच्याच भूमिका केल्या. इतकं सारखं असल्यावर माणूस गोंधळणारच. तरीही ही दोन माणसं मुळातून वेगळी आहेत, आणि तो वेगळेपणा एकदा कानाला कळला की गाणी ऐकण्याची मजा वाढते.

आइस-टी वयाने बराच मोठा. ट्रेसी मॅरो हे त्याचं खरं नाव, जन्म 1958चा, तोही न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. लहानपणीच आधी आई गेली, मग वडील, दोघंही हृदयविकाराने. पोरका झालेला मुलगा नातेवाइकांकडे लॉस एंजेलिसला आला आणि क्रेनशॉ हायस्कूलमध्ये शिकला. आजूबाजूला टोळ्यांचंच राज्य होतं. कोवळ्या वयात बाप झाल्यावर पोट भरायला तो सैन्यात भरती झाला, काही काळ हवाईत होता. परतल्यावर आपण चोऱ्या केल्या, जवाहिऱ्यांची दुकानं लुटली, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. त्याचं नाव आलं आइसबर्ग स्लिम या लेखकावरून. या लेखकाचे उतारे तो मित्रांना तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

आइस क्यूब म्हणजे ओशे जॅक्सन. जन्म 1969, साउथ सेंट्रल लॉस एंजेलिस. आईवडील दोघंही घरात, दोघंही कष्टाची नोकरी करणारे. टोपणनाव थोरल्या भावाने दिलेलं. शाळा मात्र वस्तीत नव्हती. बसने रोज दूर सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या टाफ्ट हायस्कूलला जावं लागे. म्हणजे सकाळी एक शहर आणि संध्याकाळी दुसरंच. शाळेतल्या टायपिंगच्या वर्गात मित्राने आव्हान दिलं म्हणून त्याने पहिलं रॅप लिहिलं. नाव होऊ लागलं होतं तेव्हासुद्धा फिनिक्सला जाऊन त्याने वास्तुआराखड्याचा कोर्स केला. गाणं नाही जमलं तर हाताशी काहीतरी असावं, एवढाच हिशेब.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. आइस-टी जगून आला आणि मग बोलू लागला. आइस क्यूब आधी लेखक. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटात असताना तो दुसऱ्यांसाठीही लिहायचा. याच गटातल्या ईझी-ईचं ज्या गाण्याने नाव झालं, ते ‘बॉइझ-एन-द-हूड’ क्यूबने लिहिलं होतं. गल्लीतल्या प्रत्येकाचा आवाज काढणं त्याला जमायचं.

दोघांचं एकेक गाणं शेजारी ठेवून ऐका. आइस-टीचं ‘सिक्स इन द मॉर्निंग’ 1986चं. सकाळी सहाला पोलीस दारावर येतात. हा उठतो, न्हाणीघराच्या फरशीवर नवे कोरे बूट कचकचतात, मागच्या खिडकीतून तो पसार होतो, जुनी टेप उचलायलाही सवड मिळत नाही. आवाज शांत, शब्द सुटे सुटे, ठोका (बीट) जवळपास रिकामा. बढाई कमी, हकिगत जास्त. घाबरलेला माणूस नंतर निवांतपणे सांगतो तसं.

क्यूबचं ‘इट वॉज अ गुड डे’ 1992च्या ‘द प्रिडेटर’ अल्बममधलं. यातही पोलीस आहेत, पण ते गाडीतून जातात आणि याला अडवत नाहीत. आईने न्याहारी केलीय, हवेत धुरकं नाही, बास्केटबॉलचा डाव रंगला, ओळखीचं कुणी आज मेलं नाही, बंदूक काढावी लागली नाही. एवढ्यावर दिवस चांगला ठरतो. जे घडलं नाही त्याची यादी करून त्याने वस्तीतलं रोजचं भय सांगितलं. ही लेखकाची युक्ती आहे, आणि रॅपमध्ये इतकी हुकमी फार थोड्यांना साधली. एरवी क्यूबचा आवाज भारदस्त आणि चिडलेला असतो, भुवया आक्रसून बोलल्यासारखा. कानाने ओळखायचं तर ही सोपी खूण: समजावून सांगणारा तो टी, अंगावर येणारा तो क्यूब.

आता पोलिसांचं प्रकरण, कारण सगळी सरमिसळ इथेच होते. पोलिसांना उघड शिवी देणारं एन.डब्ल्यू.ए.चं गाणं 1988च्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ अल्बममधलं. त्याची रचना कोर्टाची आहे: गटातला डॉक्टर ड्रे न्यायाधीश, आणि त्याचे साथीदार क्यूब, रेन, ईझी-ई एकेक करून साक्ष देतात. आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस. 1989मध्ये एफ.बी.आय. या केंद्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस क्यूबने गट सोडला, पण त्याला कारण पोलीस नव्हते. ज्या अल्बमचे जवळपास निम्मे शब्द आपण लिहिले त्याचे पैसे आपल्याला नीट मिळाले नाहीत, हे त्याचं म्हणणं होतं. तो न्यूयॉर्कला गेला, पब्लिक एनिमी या तिथल्या रॅप गटाच्या निर्मात्यांना गाठलं आणि 1990मध्ये पहिला एकट्याचा अल्बम काढला.

‘कॉप किलर’ आलं 1992मध्ये, ‘बॉडी काउंट’ या आइस-टीच्या बँडच्या अल्बमवर. गिटार, ड्रम्स, किंचाळणं: सरळसरळ मेटल, म्हणजे कर्कश रॉक. काही आठवड्यांत रॉडनी किंग या काळ्या वाहनचालकाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. टेक्सासमधल्या पोलीस संघटनेने अल्बम काढणाऱ्या वॉर्नरच्या मालक कंपनीवर, टाइम वॉर्नरवर, बहिष्काराची हाक दिली, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी निषेध केला, भागधारकांच्या सभेत अभिनेता चार्ल्टन हेस्टनने गाण्याचे शब्द मोठ्याने वाचून दाखवले. जुलैअखेर आइस-टीने स्वतःच गाणं अल्बममधून काढून घेतलं, आणि पुढल्या वर्षी त्याने वॉर्नरची साथ सोडली. आपण एका पात्राच्या तोंडून बोललो, असं तो सांगत राहिला. हे गाणं रॅप म्हणून गाजवलं गेलं याचा मला आजही राग येतो. रॅप म्हटलं की लोकांना घाबरवणं सोपं जात होतं.

सिनेमा-मालिकांत दोघांच्या वाटा पुन्हा फुटतात. आइस-टी 1991मध्येच ‘न्यू जॅक सिटी’ या सिनेमात पोलीस झाला होता, म्हणजे ‘कॉप किलर’च्या आधी. 2000पासून तो ‘लॉ अँड ऑर्डर: एस.व्ही.यू.’ मालिकेत फिन टुटुओला आहे, आधी डिटेक्टिव्ह, पुढे सार्जंट. ‘बॉडी काउंट’ही बंद पडला नाही, 2021मध्ये त्याला मेटलचं ग्रॅमी मिळालं. क्यूबने 1991मध्ये ‘बॉइझ एन द हूड’ या सिनेमात डोबॉय हे पात्र उभं केलं, पण लवकरच त्याने लेखणी उचलली. 1995चा विनोदी ‘फ्रायडे’ त्याने डीजे पूसोबत लिहिला. पुढे निर्माता झाला, आणि 2017मध्ये तीन-तीन खेळाडूंची ‘बिग थ्री’ बास्केटबॉल लीग सुरू केली. डिटेक्टिव्ह तोही झाला, ‘राइड अलाँग’मध्ये, पण हसवायला.

‘आइस आइस बेबी’वाला व्हॅनिला आइस हा तिसराच, डॅलसचा. त्याचा या दोघांशी नावापलीकडे संबंध नाही.

दोघांना एकत्र ऐकायचं असेल तर 1992चा ‘ट्रेसपास’ हा सिनेमा शोधा. दोघंही त्यात आहेत, आणि त्याच नावाचं गाणंही दोघांनी मिळून केलंय. एकाच ठोक्यावर आधी एक आणि मग दुसरा येतो, तेव्हा कोण कोण हे सांगावं लागत नाही.