घरगुती यंत्रशाळा

घरगुती यंत्रशाळा : हौसेखातर किंवा किरकोळ दुरुस्तीसाठी धातूचे भाग घरीच घडविता यावेत म्हणून शेडमध्ये, गॅरेजमध्ये वा तळमजल्याच्या खोलीत मांडलेली यंत्रसामग्री. तिचे मुख्य यंत्र लेथ, म्हणजे फिरत्या धातूला हत्यार लावून तो कातणारे यंत्र. बेंच व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर व मोजमापाची साधने त्याच्या जोडीला येतात. मिलिंग मशीन बहुधा शेवटी.

हातात हत्यार धरून धातू कातायला दीर्घ सराव लागे. स्लाइड रेस्टवर (हत्यार धरून सरकणाऱ्या आधारावर) टूल आवळून ते लीड स्क्रूने (लेथच्या लांबीभर फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्याने) पुढे नेण्याची सोय झाली, तेव्हा हौशी माणसालाही अचूक काम शक्य झाले. या लेथचे जनकत्व रूढ समजुतीने हेन्री मॉड्स्ली (1771–1831) याला दिले जाते; त्याचा आटे पाडणारा लेथ सुमारे 1797 ते 1800 या काळातला. मात्र पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानल्या जाणाऱ्या एका जर्मन हस्तलिखितात स्लाइड रेस्टसारखी रचना दिसते. लिओनार्दो दा व्हिंचीच्या रेखाटनांत आटे पाडण्याचे यंत्र आहे. ते प्रत्यक्षात बनले असावे, असे मानायला आधार नाही. फ्रान्समध्ये व्होकांसों याने अठराव्या शतकाच्या मध्यानंतर भक्कम लोखंडी सांगाड्याचा लेथ उभारला, तर सेनो याच्या आटे पाडणाऱ्या लेथवर 1795 हे साल आहे. इंग्लंडात जेसी रॅम्सडेन याने 1770 च्या दशकात अचूक स्क्रू कापले होते. अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सन याला 1798 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे, 1848 मध्ये, काँग्रेसने त्याला 10,000 डॉलर मंजूर केले. एकूण पाहता मॉड्स्ली हा पहिला नव्हे. स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू व बदलती गिअर एकाच ताठ यंत्रात आणून ती पद्धत कारखान्यांत रुजविणारा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हौशी कातकामाची परंपरा याला समांतर आहे. लंडनच्या होल्ट्झॅपफेल कारखान्याचे नक्षीदार कातकामाचे लेथ धनिकांसाठी असत. मध्यमवर्गीय हौशी लोकांचे ‘मॉडेल एंजिनियर’ हे नियतकालिक 1898 मध्ये निघाले. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफर्ड कंपनीचा एमएल 7 (1946) हा त्यांचा आवडता लेथ ठरला.

मांडणीत सर्वांत दुर्लक्षिले जाते ते बेडचे (लेथच्या लांब तळाचे) पिळणे. लेथ असमान टेबलावर बोल्टने आवळला की जाड ओतीव बेडही किंचित पिळतो आणि जॉबला (कातायच्या भागाला) टेपर, म्हणजे निमुळतेपणा, येतो. तपासणीसाठी सुमारे 25 मिमी व्यासाचा गज चकमध्ये (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत) धरून 100 ते 150 मिमी बाहेर ठेवतात. टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाकडील टेकूचा) आधार देत नाहीत. गजावर दोन्ही टोकांना एकेक कॉलर (जाड कडे) ठेवून मधला भाग थोडा उतरवतात आणि क्रॉस स्लाइडला (टूल आडवे सरकवणाऱ्या भागाला) हात न लावता दोन्ही कॉलरवर एकच बारीक कट घेतात. मायक्रोमीटरने दिसणारा फरक 0.01 मिमीच्या आसपास येईपर्यंत टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ पत्रे सरकवतात. हेडस्टॉक (चक फिरवणारा भाग) सरळ आहे, हे येथे गृहीत आहे. या एका खटपटीने जुना, स्वस्त लेथही भरवशाचा होतो.

घरी 230 व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा असतो, म्हणून थ्री फेज मोटरीच्या जुन्या यंत्राला व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालविणारे उपकरण) जोडतात. चकची चावी चकमध्ये राहू देऊ नये, हातमोजे घालून लेथ चालवू नये आणि कीस हाताने ओढू नये.

भारतात हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीने (1941) लेथ बनविले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील छोटी वर्कशॉप व्यवसायाची असल्याने या संज्ञेत येत नाहीत. इंची लीड स्क्रूच्या जुन्या लेथवर मेट्रिक आटे पाडणे हा वेगळाच प्रश्न आहे. इंचाला 8 आट्यांच्या लीड स्क्रूवर 1.5 मिमी पिचसाठी (लगतच्या आट्यांमधील अंतरासाठी) 60:127 हे गिअरचे गुणोत्तर नेमके बसते. 127 दात्यांचे चाक लहान लेथमध्ये मावत नाही. तेथे 63 दात्यांच्या चाकाने जवळचे गुणोत्तर साधतात. चूक सुमारे 0.0125 टक्के, म्हणजे नट-बोल्टच्या लांबीत नगण्य. काम पुरे होईपर्यंत हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा दुभागी नट) मात्र उघडू नये; मोटर उलटी फिरवूनच टूल मागे आणावे.