बाळाची साखर उतरते तेव्हा

निफाडचा पारा दहाच्या खाली घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. नवजात बाळ मात्र आपली ऊब स्वतःच तयार करतं, पाठीवरची तपकिरी चरबी जाळून. ते गारठलं तर या खटाटोपात रक्तातली साखरही खर्ची पडते.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद. पहिल्या एक-दोन तासांत रक्तातल्या साखरेचा आकडा (डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये) तिशीपर्यंत उतरू शकतो, तो अगदी ठणठणीत बाळाचासुद्धा. मग यकृत आपला साठा मोकळा करतं आणि आकडा चढतो. दिवस न भरलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाकडे हा साठाच तुटपुंजा असतो. मधुमेही आईचं बाळ बरेचदा चांगलं गुटगुटीत, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. पण आईच्या वाढलेल्या साखरेमुळे पोटातच त्याचं इन्सुलिन वाढलेलं असतं आणि जन्मानंतरही ते काही काळ तसंच राहतं.

अशा बाळांची टाच टोचून साखर तपासतात. अनेक ठिकाणी ४७ ही रेष धरतात. आकडा त्याखाली गेला, बाळ पेटीत ठेवलं, की आजीचा पहिला प्रश्न : ‘डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?’

ही रेष मुळात १९८८ च्या एका ब्रिटिश अभ्यासातली, तोही अकाली जन्मलेल्या बाळांचा. पुढे न्यूझीलंडमध्ये जोखमीच्या बाळांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. दोन वर्षांच्या वयात फरक दिसला नाही. साडेचार वर्षांच्या वयात साखर उतरलेल्यांपैकी काहींना मनावर ताबा ठेवणं, हात आणि नजर यांचा मेळ घालणं जड जात होतं. नऊ-दहाव्या वर्षी वाचन-गणितात मात्र ती इतरांच्या बरोबरीने होती. अर्थात, या मुलांवर जन्मतःच उपचार झाले होते. उपचाराविना साखर तासन् तास तळाला राहिली तर मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे दृष्टीच्या केंद्राला इजा होऊ शकते. पुढे फिट्सही येऊ शकतात.

सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आशाताई सांगतात तेच इथे औषध आहे : पहिल्या तासात चीक पाजा, बाळाला उघड्या छातीशी धरा, आंघोळीची घाई नको. मध किंवा गुळाचं पाणी मुळीच नको. बाळ थरथरत असेल, लुळं पडत असेल, दूध ओढेनासं झालं असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा, जमल्यास वाटेतही ते आईच्या अंगाशी राहू द्यावं.