एसीत गॅस होताच, उलट जास्त होता

मे महिन्यात दुपारी सिग्नलला गाडी थांबली की माझ्या गाडीचा एसी गरम हवा फेकायचा आणि हायवेला लागलं की पुन्हा मस्त गार. एका गॅरेजमध्ये दाखवलं तर म्हणाले गॅस कमी झालाय, भरला, संध्याकाळी फिरवून बघितली तर गार वाटली, आठवड्याने परत तेच. परत भरला.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, "ताई, थांबल्यावर गरम होतं की चालत्या गाडीत पण?" खरं तर अर्धं निदान या प्रश्नातच होतं, पण ते कळायला आधी एसी काय करतो ते बघू.

पेट्रोल जळतं म्हणून संपतं, एसीचा गॅस जळत नाही, तोच तोच बंद पायपांत फिरतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो साधारण ३० पीएसआय दाबाला असतो आणि त्या दाबाला आर-१३४ए हा गॅस १-२ डिग्रीलाच उकळतो, उकळताना केबिनमधली उष्णता ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून २०० पीएसआयच्या आसपास नेतो, तिथे तो ५५ डिग्रीला पण द्रव होऊ शकतो. म्हणून तर बाहेर ४० डिग्री ऊन असलं तरी पुढच्या जाळीतला कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकतो, फक्त त्याच्यावरून वारा जायला हवा. चालत्या गाडीत वारा आपोआप मिळतो, थांबल्यावर सगळी मदार पंख्यावर.

काकांनी दाब मोजायचे गेज लावले. इंजिन चालू, गाडी उभी, हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा काटा ३२५ पीएसआयच्या वर. मग त्यांनी पाण्याचा पाइप घेऊन कंडेन्सरवर पाणी मारलं आणि काटा डोळ्यांसमोर खाली यायला लागला, आतली हवा पण गार झाली! माझ्या गाडीला दोन पंखे आहेत, त्यातला कंडेन्सरचा फिरतच नव्हता, दुसरा इंजिन थंड ठेवत होता म्हणून टेम्परेचरचा काटा कधी चढला नाही आणि कुणाला शंका आली नाही. कनेक्टर काढून दाखवला तर एक पिन जळून काळी आणि भोवतालचं प्लॅस्टिक वितळलेलं.

गॅस मशीनने काढून मोजला तर ६०० ग्रॅमच्या वर, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय ४५०. म्हणजे दोनदा भरून त्रास वाढवलाच होता.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंजिन बंद असताना गेज लावून "गॅस आहे की नाही" सांगतात, पण ३० डिग्रीला दोन्ही काटे साधारण ९५-१०० दाखवणार, आत २५० ग्रॅम असो की ४५०. घरचा सिलेंडर तसाच, आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब सारखाच, किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. चालू गाडीत मात्र काटे बोलतात. दोन्ही कमी असतील तर बहुतेक गॅस कमी, दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा किंवा कंडेन्सरला वारा नाही, आणि लो साइड (कूलिंग कॉइलकडची कमी दाबाची बाजू) जास्त नि हाय साइड कमी असेल तर कॉम्प्रेसर थकलाय.

अजून एक ओळखायला सोपा प्रकार, लांबच्या प्रवासात तासाभराने हवाच कमी यायला लागते आणि एसी दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला की परत येते. तिथे कॉइलवर बर्फ धरलेला असतो, कॉइलचा तापमान सेन्सर नाहीतर तुंबलेला केबिन फिल्टर बघायचा.

गॅस खरंच कमी निघाला तर तो कुठून तरी गेलाय. रबरी पायपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो ते ठीक, पण एका सीझनमध्ये गेला तर लीकेज आहेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइल पण बाहेर येतं, त्यामुळे जॉइंटवर किंवा कंडेन्सरच्या कोपऱ्यात तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. तो न शोधता नुसता टॉप-अप मारला तर तो पण हवेतच जाणार, आणि हा गॅस १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पट तापमान वाढवतो.

लीकेज काढल्यावर अर्धा तास तरी व्हॅक्यूम करायला, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायला सांगा, त्याने आतली ओल उकळून निघून जाते, नाहीतर तीच एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये (कॉइलच्या आधी दाब उतरवणारा बारीक वॉल्व्ह) गोठते. आणि गॅस किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून घ्या, स्टिकरशी जुळवून बघा.