पार्श्वभूमी : खुल्या बाजारपेठेनं घर बदललं तेव्हा

बाजारपेठ खुली करा, सरकारनं मध्ये पडू नये, असं कुणी बोलू लागलं की तो माणूस उजवा, पुराणमतवादी, असं आपण धरूनच चालतो. एकोणिसाव्या शतकात चित्र बरोबर उलटं होतं. मुक्त व्यापार हा उदारमतवाद्यांचा झेंडा होता आणि आयातीवर जकात लावा, असा आग्रह धरणारे पुराणमतवादी होते. हा विचार एका घरातून दुसऱ्या घरात कसा गेला, हे कळल्याखेरीज या दोन विचारसरणींची निम्मी भांडणं उलगडत नाहीत.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘उदार’ म्हटलं की मराठी माणसाला सढळ हात आठवतो. ज्या इंग्रजी ‘लिबरल’साठी आपण तो वापरतो, त्याच्या मूळ लॅटिन शब्दालाही ती छटा होती, पण त्याचा गाभा ‘स्वतंत्र माणसाला शोभेल असं’ हा. राजकारणात हा शब्द पक्षाची खूण म्हणून रुळला तो स्पेनमध्ये. फ्रेंच फौजांनी वेढलेल्या कादिझ शहरात १८१२ साली राज्यघटना तयार झाली. राजाच्या सत्तेला लगाम घालू पाहणारे तिथे ‘लिबरालेस’ म्हणवले गेले आणि विरोधकांना त्यांनी ‘सर्विलेस’, म्हणजे लाचार, असं नाव ठेवलं. ‘पुराणमतवादी’चा युरोपीय पर्याय काही वर्षांनी, १८१८ मध्ये, पॅरिसच्या एका नियतकालिकाच्या मथळ्यावर झळकला. म्हणजे मुळात प्रश्न दानतीचा नव्हताच, सत्तेचा होता. मराठीत मात्र ‘उदारमतवादी’ म्हणजे दुसऱ्याचं मत ऐकून घेणारा सज्जन असा गुळगुळीत अर्थ रूढ झाला आणि त्याच मुळातून निघालेलं ‘उदारीकरण’ थेट बाजारपेठेच्या दारात जाऊन बसलं. एकाचा पुरस्कर्ता दुसऱ्याचा कडवा टीकाकार असतो, आणि त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही.

‘पुराणमतवादी म्हणजे बदलाला विरोध करणारा’ ही व्याख्याही पुरत नाही. खरा फरक आहे तो पुरावा कुणी द्यायचा यात. उदारमतवादी म्हणतो, बंधन घालणाऱ्यानं ते का हवं हे सांगावं. पुराणमतवादी म्हणतो, जे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते मोडू पाहणाऱ्यानं आधी कारण द्यावं. फ्रेंच क्रांतीवर १७९० साली तिखट टीका करून या दुसऱ्या परंपरेचा पाया घालणारा ब्रिटिश खासदार स्वतः व्हिग गटातला, म्हणजे पुढे उदारमतवाद्यांत मिसळलेल्या गटातला, होता आणि अमेरिकेतल्या वसाहतींशी समेट करा म्हणून त्यानं पूर्वी जीव तोडून भाषणं केली होती.

सगळ्यात जास्त गुंता आहे तो १८४६ च्या निर्णयात. ब्रिटनमध्ये १८१५ पासून धान्य कायदे होते. देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचं जुनं ब्रिटिश माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊच द्यायचा नाही, अशी मूळ तरतूद होती. पुढे ती सौम्य झाली, तरी फायदा जमीनदाराचा आणि महाग पाव कामगाराच्या माथी, हे काही बदललं नाही. गिरणीमालक आणि उदारमतवादी याविरुद्ध रान उठवत होते. सत्तेवर मात्र हुजूर पक्ष, म्हणजे पुराणमतवाद्यांचा पक्ष, होता, जमीनदारांच्याच पाठिंब्यावर आलेला. १८४५ मध्ये आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक रोगानं गेलं आणि पंतप्रधानांनी हे कायदे टप्प्याटप्प्यानं काढून टाकण्याचं विधेयक आणलं.

१५ मे १८४६ ला कॉमन्स सभेत ते ९८ मतांनी मंजूर झालं. पंतप्रधानांच्या स्वतःच्या पक्षातले जेमतेम एक तृतीयांश खासदार त्यांच्याबरोबर राहिले. विधेयक तरलं ते विरोधकांच्या मतांवर. २५ जूनच्या रात्री उमरावांच्या सभेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि त्याच रात्री कॉमन्समध्ये, आयर्लंडविषयीच्या दुसऱ्याच विधेयकावर, स्वपक्षातल्या नाराजांनी सरकार पाडलं.

हा विश्वासघात होता की दूरदृष्टी, हा वाद अजून संपलेला नाही. माझ्या मते तो निर्णय सखोल अर्थानं पुराणमतवादीच होता. महाग धान्याचा हट्ट धरला असता तर संतापाच्या लाटेत उमरावशाहीच वाहून गेली असती. एक भिंत पाडून पंतप्रधानांनी घर वाचवलं. पक्ष मात्र दुभंगला. त्यांचे अनुयायी १८५९ मध्ये उदारमतवादी पक्षाच्या उभारणीत सामील झाले.

लगेच पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा आला. त्याला बळ देणाऱ्यांत जुन्या वळणाचे जमीनदार होते आणि मुक्त व्यापाराचे कित्येक बिनीचे शिलेदार विरोधात उभे राहिले. उदारमतवादाच्या या काळ्या बाजूकडे त्याच्या चाहत्यांनी, माझ्यासकट, डोळेझाक करता कामा नये.

साठेक वर्षांनी उदारमतवादी पक्षच बदलला. उपाशी माणसाला स्वातंत्र्याचा उपयोग काय, हा प्रश्न टाळता येईना. १९०८ मध्ये उदारमतवादी सरकारनं सत्तरीपुढच्या गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन दिलं. श्रीमंतांवर कर वाढवणारा १९०९ चा अर्थसंकल्प उमरावांनी फेटाळला आणि १९११ मध्ये त्यांचा तो अधिकारच काढून घेतला गेला.

अमेरिकेत १९३२ च्या निवडणुकीच्या सुमारास खरा ‘लिबरल’ कोण यावर दोन्ही बाजू दावा सांगत होत्या. मंदीत होरपळलेल्या देशानं सरकारी मदतीचा हात पुढे करणाऱ्याला निवडलं आणि शब्दही त्याच्याच पदरात पडला. जुन्या अर्थानं उदारमतवादी असलेले पोरके झाले. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका डोंगरावर त्यांच्यातले काही विचारवंत जमले. त्यांच्या अग्रणीनं १९६० मध्ये ‘मी पुराणमतवादी नाही’ असं निक्षून लिहिलं, तरी त्याची शिकवण डोक्यावर घेतली ती १९७९ नंतरच्या हुजूर पक्षानं. बाजारपेठेनं घर बदललं ते असं. १९८८ च्या अमेरिकी प्रचारात तर ‘लिबरल’ ही शिवी होऊन बसली. कॅनडात हे नाव मध्यापासून डावीकडे कललेल्या पक्षाचं आहे, ऑस्ट्रेलियात प्रमुख उजव्या पक्षाचं.

५ फेब्रुवारी २०१३ ला कॉमन्स सभेत समलिंगी विवाहाचं विधेयक दुसऱ्या वाचनात ४०० विरुद्ध १७५ मतांनी पुढे सरकलं. सरकारचे प्रमुख हुजूर पक्षाचेच होते. आपण पुराणमतवादी आहोत म्हणूनच या विवाहांना पाठिंबा देतो, विवाहसंस्था त्यानं बळकट होते, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. त्यांच्या पक्षाच्या खासदारांत विरोधात मत देणारे बाजूनं देणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले आणि १८४६ सारखंच विधेयक तरलं ते समोरच्या बाकांवरच्या मतांनी.