रक्त कमी म्हणजे नेमकं काय कमी?

1928 साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये लंडनहून एक डॉक्टर बाई आल्या. नाव ल्यूसी विल्स, वय चाळिशीचं. केंब्रिजमध्ये आधी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग त्या वैद्यकाकडे वळलेल्या. मुंबईत गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागे आणि बाळंतपणाच्या आसपास त्यातल्या कितीतरी दगावत. याचं कारण शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. गिरणगाव हाफकिनच्या दारातच होतं आणि कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा आजार विशेष दिसत होता.

या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की एक गोष्ट लगेच नजरेत भरे. तांबड्या पेशी संख्येनं फार कमी, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडलं की याच्या उलट होतं, पेशी लहान आणि फिक्या होतात. म्हणजे इथे कमी पडत होतं ते दुसरंच काहीतरी.

विल्स यांनी प्रयोगशाळेइतकंच लक्ष चुलीकडे दिलं. वेगवेगळ्या धर्मांच्या, कमीजास्त मिळकतीच्या घरांत रोज काय शिजतं याची पाहणी केली. जिथे आजार जास्त, तिथला आहार जीवनसत्त्वांच्या बाबतीत तोकडा निघाला. मग तशाच निकृष्ट आहारावर आधी उंदीर आणि पुढे माकडं ठेवून पाहिली. हे प्रयोग चालू असताना एका खंगलेल्या माकडाला मार्माइट दिलं गेलं आणि ते झपाट्यानं सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर बनवल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळपट खारट लेप. (चव ज्याची त्याला लखलाभ.) तेच मार्माइट मुंबईच्या रुग्ण बायकांना दिल्यावर त्यांचंही रक्त भरून येऊ लागलं. 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष छापून आले.

पाच वर्षांपूर्वी, 1926 साली, अमेरिकेत मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशाच मोठ्या पेशींचा एक जीवघेणा रक्तक्षय प्राण्यांचं यकृत खायला घालून बरा करून दाखवला होता. तेव्हा दोन्हीकडे कमी पडणारा घटक एकच असेल, असं वाटणं साहजिक होतं. विल्स यांना मात्र वेगळंच दिसलं. यकृताचा कच्चा अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडे, पण तोच अर्क शुद्ध करून दिला की उपयोग होत नसे. अमेरिकेतल्या आजारावर शुद्ध अर्कही चालत होता. दोन्ही आजारांत पेशी सारख्याच फुगलेल्या, पण औषध वेगळं. म्हणजे घटक दोन असणार. माझ्या मते या सगळ्या कामातली खरी कमाल इथे आहे. समोर एकाही घटकाचा रेणू नव्हता, कुठला अर्क कुणाला लागू पडतो एवढंच हातात होतं.

मुंबईचा घटक बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ या नावानं ओळखला गेला. 1941 साली टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तो चिमूटभर वेगळा काढला. 1945 साली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत, मूळच्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं तो कृत्रिमरीत्या बनवला. आज आशाताई घरोघर जी गोळी देतात, तिच्यात लोहाच्या जोडीला तोच असतो, फॉलिक अ‍ॅसिड या नावानं. दुसरा, यकृतातला घटक 1948 साली हाती लागला. तो बी12.

या दोघांचं काम हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, चालतं. तिथे दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक वेळी पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी लागणारा एक सुटा भाग फोलेटशिवाय (अन्नातल्या फॉलिक अ‍ॅसिडला फोलेट म्हणतात) बनत नाही. फोलेट कमी पडलं की पेशी वाढत राहते, दुभंगायची मात्र थांबते. म्हणून ती मोठी दिसते आणि बऱ्याचशा अशा पेशी मज्जेतच मरून जातात. आता बी12 कुठे येतं? अन्नातून आलेलं फोलेट शरीरात मुख्यतः अशा रूपात फिरतं, की बी12 च्या मदतीशिवाय ते डीएनएच्या कामी येत नाही. बी12 नसेल तर फोलेट भरपूर असूनही नुसतं पडून राहतं. आणि या बी12 च्या रेणूच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो. शाळेच्या पुस्तकात जीवनसत्त्वं आणि खनिजं ही वेगवेगळी प्रकरणं असतात, शरीरात ती अशी एकत्र नांदतात.

यातून एक धोका उभा राहतो. बी12 ची कमतरता असलेल्या माणसाला नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या गोळ्या दिल्या, तर रक्त सुधारतं, कारण गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड बी12 ची मदत नसतानाही डीएनएच्या कामी येऊ शकतं. रिपोर्ट पाहून घरचे खूश होतात. पण बी12 चं दुसरं काम मज्जातंतूंवरचं आवरण सांभाळण्याचं, आणि ते फोलेट करू शकत नाही. पायाला मुंग्या येणं, चालताना तोल जाणं, विसराळूपणा हे सगळं आतल्या आत वाढत राहतं.

महाराष्ट्राला हा धोका जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 साली पुणे परिसरातल्या 441 पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. त्यात 67 टक्के पुरुषांच्या रक्तात बी12 कमी होतं. शहरी मध्यमवर्गीयांत तर हे प्रमाण 81 टक्के होतं, झोपडपट्टीत आणि खेड्यात राहणाऱ्यांपेक्षाही जास्त! पैसा कमी पडला म्हणून आलेली ही कमतरता नव्हे. बी12 फक्त जिवाणू बनवतात. आपल्याला ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं यांतूनच मिळतं. पालेभाज्यांत, डाळींत, फळांत ते नसतं. शाकाहारी घरात मग सगळी भिस्त दुधा-दह्यावर. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण चहात पडतं तेवढ्या दुधानं तीही भागत नाही. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि उतारवयात बी12 कमी शोषलं जातं.

फोलेटची गोष्ट वेगळी. ते मेथीत आहे, चवळीत आहे, मटकी-हरभऱ्यात आहे, पण उष्णतेनं नासतं आणि पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं की त्याच्याबरोबर बरंचसं फोलेट गेलं. पुरणाच्या डाळीचा कट टाकून न देता त्याची आमटी करणाऱ्या बाईनं हे गणित न शिकताच सोडवलं होतं.

आता लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. याच्या कारणांत लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे. गंमत अशी, की शरीर लोहाच्या बाबतीत कमालीचं चिक्कू असतं. 120 दिवस जगून संपलेल्या तांबड्या पेशींमधलं लोह काढून तेच पुन्हा वापरलं जातं, दिवसाला 20 ते 25 मिलिग्रॅम. बाहेरून लागतं ते फक्त 1 ते 2 मिलिग्रॅम. तेवढंही का मिळू नये? कारण धान्य आणि भाजीतलं लोह आतड्यात सहजी शिरत नाही. भाकरी-पोळीतलं फायटेट, म्हणजे धान्यात मुळातच असलेलं एक रसायन, त्याला धरून ठेवतं, चहातले टॅनिनसारखे पदार्थही तेच करतात. पान उचलल्याबरोबर चहाचा कप हातात आला, तर त्या जेवणातलं बरंचसं लोह वाया जातं आणि चहात दूध असल्यानं फारसा फरक पडत नाही. तासाभरानं घेतला तर नुकसान बरंच कमी. याच्या उलट क जीवनसत्त्व लोहाला आत नेतं. पोह्यावर लिंबू पिळणं, मोड आलेल्या मटकीच्या उसळीबरोबर कच्ची कोशिंबीर वाढणं, हे नुसते चवीचे लाड नाहीत. मोड येताना फायटेटही कमी होतं.

बियाण्यातच लोह वाढवण्याचा प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या 12 ते 16 वर्षांच्या 246 शाळकरी मुलांना साध्या बाजरीशी तुलना करत दोन्ही वेळच्या जेवणात दिली गेली. चार महिन्यांत, जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढला. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ना गोळी, ना नवा पदार्थ, तीच भाकरी.

खरा घोळ होतो तो दोन कमतरता एकाच अंगात असतात तेव्हा, आणि आपल्याकडे ते सर्रास दिसतं. समजा, एका बाईचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट समोर आहे. हिमोग्लोबिन 9.8. स्त्रियांसाठी ते 12 च्या वर हवं, म्हणजे रक्त कमी आहे हे नक्की. खाली एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, 84. नेहमीची मर्यादा 80 ते 100, त्यामुळे तिथे लाल खूण नाही. पण लोहाअभावी काही पेशी लहान आणि बी12 अभावी काही मोठ्या झाल्या असतील, तर सरासरी मध्येच येणार! त्याच्याच जवळ आरडीडब्ल्यू नावाची एक ओळ असते, जिच्याकडे घरी कुणी ढुंकून बघत नाही. पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे ती सांगते. साधारण 15 च्या आत असावी, इथे 19 आहे. पेशी सगळ्या सारख्या नाहीत, हे तिनं सांगून टाकलं.

अशा बाईला नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या तर अर्धंच काम होतं. लोहाचीच कमतरता असेल आणि गोळ्या नियमित घेतल्या, तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमनं चढायला हवं. चढलं नाही तर गोळ्या वाढवण्याआधी डॉक्टरांना फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) आणि बी12 ची तपासणी करू या का, असं विचारावं. अंगावरून जास्त जात असेल किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असेल, तर तेही लाजेखातर लपवू नये. पेशी लहान असूनही फेरिटिन नीट निघालं, तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य प्रकारासाठी वेगळी तपासणी लागते, कारण तिथे लोह कमी नसतंच आणि लोहाच्या गोळ्यांचा फायदा होत नाही.