आधी काम, मग मंजुरी : एका सवलतीची पार्श्वभूमी

ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या सभांना बसणाऱ्याला ‘कार्योत्तर मंजुरी’ हा शब्द नवा नाही. टंचाईत टँकर आधी मागवायचे, खर्चाचा ठराव पुढच्या सभेत घ्यायचा. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. हाच शब्द पर्यावरण मंजुरीला लागला की पेच सुरू होतो. टँकरचा ठराव फेटाळला तर बिल अडवता येते. डोंगर कापून झाल्यावर मंजुरी नाकारायची, तर नेमके अडवायचे काय?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने स्वतःचाच सहा महिन्यांपूर्वीचा, कार्योत्तर पर्यावरण मंजुरीला मज्जाव करणारा निकाल मागे घेतला, तो याच प्रश्नावर.

पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद, पर्यावरणरक्षण राज्यघटनेत आणणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा हे सारे परिचयाचे आहे. या वादाचा धागा त्या कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेल्या अधिसूचनेपासून सुरू होतो. ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना आधी परिणामांचा अभ्यास करून केंद्राची मंजुरी घेणे तिने बंधनकारक केले. १९९७ मध्ये जनसुनावणी आली. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने प्रकल्पांची ‘अ’ आणि ‘ब’ अशी वाटणी केली, ‘ब’ गटाचे अधिकार राज्य पातळीवर दिले आणि ‘पूर्व पर्यावरण मंजुरी’ असा शब्दच वापरला. त्यातल्या ‘पूर्व’वर पुढचे सगळे रामायण घडले.

खरे तर सवलतीची सवय त्याहून जुनी. मंजुरीविना सुरू झालेल्या उद्योगांना १९९८ मध्येच परिपत्रक काढून अर्ज करायची मुभा दिली गेली. मुदत वाढत गेली आणि १४ मे २००२ च्या परिपत्रकाने ती ३१ मार्च २००३ वर नेली. थकलेल्या घरपट्टीवरची शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेसारखाच हा प्रकार. अशी योजना दर थोड्या वर्षांनी येते हे कळले की वेळेवर भरणारा स्वतःलाच खुळा समजू लागतो.

आपल्याकडचे उदाहरण मुळशीचे. तिथल्या डोंगरांत उभ्या राहणाऱ्या खासगी गिरिस्थानाला केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्ये काम थांबवण्याचा आदेश दिला. जागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या खाली असल्याने केंद्राच्या मंजुरीची गरजच नव्हती, असा बचाव होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. तोवर रस्ते आणि इमारती उभ्या होत्याच.

१४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने ही वहिवाट कागदावर पक्की केली. उल्लंघन करणाऱ्यांनी सहा महिन्यांत अर्ज करावा, नुकसानीचा हिशेब मांडावा, भरपाईच्या कामांसाठी बँक हमी द्यावी. हे एकदाच, असे तेव्हा सांगितले गेले. जुलै २०२१ मध्ये मात्र कार्यालयीन ज्ञापनाद्वारे, म्हणजे मंत्रालयाच्या प्रशासकीय सूचनापत्राने, अशी प्रकरणे हाताळायची कार्यपद्धतीच आली. त्यात दंडाचे दर ठरले : चालू प्रकल्प असेल तर प्रकल्पखर्चाच्या १ टक्का, शिवाय उल्लंघनाच्या काळातल्या उलाढालीच्या ०.२५ टक्का, आणि स्वतःहून कबुली दिली तर निम्मा. ज्या दंडाचा आकडा आधीच ठाऊक असतो तो धंद्याच्या हिशेबात खर्च म्हणून बसतो, असे या लेखकाला वाटते.

न्यायालयाची भूमिकाही एकसुरी नव्हती. एप्रिल २०२० मध्ये गुजरातमधल्या औषध कारखान्यांच्या प्रकरणात २००२ चे परिपत्रक बेकायदा ठरले आणि तीन उद्योगांना प्रत्येकी १० कोटी रुपये भरावे लागले. पण २०२१-२२ मध्ये दुसऱ्या खंडपीठांनी अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर मंजुरी देता येते असे म्हटले. हरियाणातल्या रसायन कारखान्यांबाबत तर सुमारे आठ हजार कामगारांच्या रोजीचा मुद्दा पुढे आला. तो मुद्दा खोटा नाही. पण राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘संमती’ आणि पर्यावरण ‘मंजुरी’ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक हाती असली की दुसरी लागत नाही असा समज पसरवणे अनेकांच्या सोयीचे होते.

मधल्या काळात, २००६ च्या अधिसूचनेची जागा घेणाऱ्या नव्या अधिसूचनेचा २०२० चा मसुदा आला. उल्लंघनाची प्रकरणे नियमित करण्याची कायमची तरतूद त्यात होती. टाळेबंदीत हरकती मागवल्या गेल्या, त्याही इंग्रजी आणि हिंदी मसुद्यावर. आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत तो द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. जनसुनावणीचा कायदा जनतेच्या भाषेत नसावा यात कुणाला विसंगती दिसली नव्हती. लाखो हरकती आल्या आणि मसुदा मसुदाच राहिला.

मुंबईतल्या एका संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चे ज्ञापन रद्द झाले. आधी दिलेल्या मंजुऱ्यांना मात्र हात लावला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये बहुमताने सांगितले की आधीच्या समकक्ष, म्हणजे तितक्याच न्यायमूर्तींच्या, खंडपीठांचे निकाल तेव्हा विचारात घेतले गेले नव्हते, आणि सुमारे २० हजार कोटींची सार्वजनिक कामे पाडावी लागली असती. त्यांत ओडिशातले ९६२ खाटांचे रुग्णालय होते. याचिका नव्याने सुनावणीसाठी परत गेल्या.

मेच्या निकालातल्या दोन न्यायमूर्तींपैकी एक तोवर निवृत्त झाले होते. दुसरे नोव्हेंबरच्या पीठातही होते, आणि विरोधी मत त्यांचेच.