बोल्ट सुटेना, इंजिनच फिरे

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. ठाण्यात, पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी पालथा पडला होता. चाक काढलेलं, गाडी स्टँडवर. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या आसाच्या, पुलीमागचं ऑइल सील गळत होतं. सील तसं किरकोळ किमतीचं, पण त्याच्यापर्यंत पोचायला पुली काढावी लागते आणि पुलीला धरून बसलेला असतो एकच बोल्ट. १९ नंबरची गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट), तिला दांडा, दांड्यावर जुन्या नळाचा दोन फुटी पाइप. पोराने पाइप दाबला की बोल्ट छान फिरायचा. फक्त त्याच्यासोबत पुली फिरायची, क्रँक फिरायचा, अख्खं इंजिन फिरायचं.

बघ्यांचं निदान एकमुखी होतं: गंजलाय. खाडीची हवा, चार महिने पाऊस, दुसरं काय होणार? वॉचमनने रॉकेल सुचवलं, कुणी डब्ल्यूडी-४०ची बाटली घेऊन आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बंपरला लटकणाऱ्या सुकलेल्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवून विचारलं, "शनिवारी बदलली नव्हतीस ना?" लिंबाची बाजू घ्यायची तर त्यातलं सायट्रिक आम्ल गंजातल्या लोखंडाला बांधून खरोखर विरघळवतं. गंजका पाना रात्रभर लिंबाच्या रसात ठेवून पाहा. मात्र त्यासाठी लिंबू पिळावं लागतं, टांगून भागत नाही.

मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत. जाम बोल्ट दिसला की माझे पाय तिकडे आपोआप वळतात.

गंज वाईट, यात शंकाच नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. जुन्या इमारतींच्या छज्जाचं प्लास्टर याच कारणाने पडतं: आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. आट्यांच्या फटीत गंज फुगला तर बोल्ट पाचर मारल्यासारखा बसतो. पण क्रँकच्या बोल्टचे आटे क्रँकच्या पोटात, वॉशरच्या पलीकडे असतात. वॉशर इतका दाबलेला असतो की पाणी आत जाणं कठीण, आणि त्याच कारणाने रॉकेल किंवा स्प्रेही जाणं कठीण. डब्ल्यूडी-४० जन्मलं १९५३ साली अमेरिकेत, पाणी हटवण्यासाठी, म्हणजे मुळात गंज येऊ नये म्हणून. चाकाच्या नटाला ते उपयोगी पडेल. इथे ते फक्त बेल्टवर उडून बेल्टचं रबर खराब करणार.

मग बोल्ट इतका घट्ट का? कारण तो तसा आवळलेलाच असतो. बोल्ट ही स्प्रिंग आहे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आवळण्याचा आकडा होता १८० न्यूटन-मीटर (हे टॉर्कचं, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचं माप). बोल्ट १४ मिलिमीटरचा, आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर. आटा म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. तो उलगडून सरळ केला तर चढ जेमतेम २ अंशांचा भरतो, २७ पावलं चाललात की एक पाऊल वर. इतक्या सौम्य चढावर घर्षण सहज जिंकतं, म्हणून बोल्ट आपणहून घसरून सुटत नाही.

आता १८० चा हिशोब बघा. पोलादावर पोलाद, थोडं तेलकट, घर्षणांक ०.१४ धरू. बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण सुमारे ९२ न्यूटन-मीटर खातं, आट्यांचं घर्षण ७२. बोल्टला खरोखर ताणायला उरतात १६. दर शंभरातले नऊ! तरी या सोळात बोल्ट सुमारे ७ टनांच्या ओढीने ताणला जातो. पूर्ण वाढलेला आशियाई हत्ती चार-पाच टनांचा असतो. एवढ्या ओढीने बोल्ट लांबतो किती, तर ०.१ मिलिमीटर, वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढा. तेवढ्या लांबीच्या जोरावर पुली बसून असते.

एवढी ओढ हवीच असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३,००० फेऱ्या असतील तर सेकंदाला १०० धक्के, आणि प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळतो नि सुटतो. शिवाय अल्टरनेटर आणि एसीचा बेल्ट पुलीला मागे ओढत असतो. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहिली तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. म्हणजे बेल्टची ओढ बोल्ट सैल होण्याच्या दिशेने असते आणि तिला अडवायला डोक्याखालचं घर्षण लागतं. होंडाची काही जुनी इंजिनं उलटी फिरतात, तिथे हीच ओढ बोल्ट आवळत जाणाऱ्या दिशेची. त्यांचे बोल्ट मेकॅनिक मंडळींत का गाजलेले आहेत, हे यावरून कळेल.

गंमत म्हणजे हिशोबाने बोल्ट सोडायला आवळण्यापेक्षा कमी जोर पुरायला हवा. सोडताना ते १६ आपल्या बाजूने येतात, घाट उतरणीचा होतो. घर्षणाचे १६४ वजा १६, म्हणजे १४८. प्रत्यक्षात तसं होत नाही. दोन पृष्ठभाग दिसायला चिकटलेले असले तरी खरे टेकतात फक्त सूक्ष्म उंचवट्यांवर, आणि हे उंचवटे दाबाखाली काळाबरोबर हळूहळू पसरत जातात. जितका वेळ स्थिर, तितकं सुटण्याचं घर्षण जास्त, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोमने १७८५ साली नोंदवून ठेवलं आहे. त्यात इंजिन रोज तापतं नि थंड होतं, दर वेळी अणुरेणूएवढी घासाघीस होते, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि नागडा धातू नागड्या धातूला चिकटतो. टूलरूममध्ये आम्ही याला 'धरला' म्हणायचो. गंज लागत नाही, नुसती वर्षं लागतात.

आता पोराकडे परत. त्याचा प्रश्न होता, "काका, पाइप लांब घेऊ का?"

नाही. समोरून जेवढा विरोध होतो तेवढाच जोर आपल्याला लावता येतो, हवेत ठोसा मारून हात दुखत नाही तसं. क्रँक मोकळा असेल तर त्याला फिरवायला जेवढा टॉर्क पुरतो त्याहून जास्त बोल्टपर्यंत पोचूच शकत नाही, पाइप दोन फुटी असो की मुलुंडपर्यंत लांब. अर्किमिडीजलाही टेकू लागतोच. म्हणून क्रँक धरायला हवा.

पोराने पहिला गिअर टाकून वडिलांना ब्रेकवर बसवलं होतं. सगळे पहिलाच टाकतात, कारण पहिला गिअर 'ताकदीचा'. ती ताकद इंजिनाची असते, चाकाची नव्हे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ते चाक एकूण प्रमाण १४ च्या आसपास असतं. क्रँकवर ३०० न्यूटन-मीटर लावले तर ब्रेकला ४,२०० धरावे लागतील. पाचव्यात प्रमाण ३ च्या आसपास, तिथे ९०० धरले की झालं. आम्ही पाचवा टाकला. इंजिन थांबलं, बोल्टही थांबला, आणि दांडा धनुष्यासारखा वाकला. स्टँडवर उभ्या गाडीला बाजूने एवढा जोर लावणं मला पसंत नव्हतं, म्हणून थांबवलं. दांडा जमिनीला टेकवून स्टार्टर मारायचा असाही एक उपाय लोक सांगतात. तो चालतो, नाही असं नाही. पण गोटी निसटली तर तो दांडा कुणाच्या नडगीवर येईल ते आधी ठरवता येत नाही. गॅसचा बर्नरही नको. मागे रबरी सील आहे आणि बऱ्याच पुल्यांच्या आतही रबराचं कडं असतं.

मग गन. टायरवाल्याकडची हवेची असो की बॅटरीची, ठोक्याच्या गनचं मर्म एकच, आणि खरं तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. गनच्या पोटात एक जड हातोडा असतो. मोटर त्याला फिरवत वेग देते आणि पुढच्या ऐरणीसारख्या भागावर तो आपटतो. मोटरने सावकाश साठवलेलं कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोम, एका मिलिसेकंदाच्या आसपास वेळात उतरतं. साठवायला जितका वेळ लागला त्याच्या कितीतरी कमी वेळात ते बाहेर पडतं, म्हणून तेवढ्या क्षणापुरता टॉर्क कितीतरी पट मोठा होतो. धरणाऱ्याच्या मनगटाला मात्र मोटरचाच किरकोळ झटका जाणवतो, कारण हातोडा आपटतो तेव्हा हात त्याला बांधलेला नसतो.

आणि क्रँक? त्याला कुणी धरलंच नाही तरी चालतं. कॅरमच्या सोंगट्यांची चवड रचून तळाच्या सोंगटीला बोटाने हळू ढकला, अख्खी चवड सरकते. स्ट्रायकर जोरात मारा, तळाची तेवढी निसटते आणि वरच्या जागच्या जागी खाली बसतात. घर्षण दोन्ही वेळा तेच. दुसऱ्या वेळी त्याला काम करायला वेळ मिळत नाही. इथे फ्लायव्हीलसकट (क्रँकच्या टोकाच्या जड चाकासकट) क्रँकचं जडत्व ०.१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरा. ५०० न्यूटन-मीटरचा ठोका १ मिलिसेकंद टिकला, तर कोनीय त्वरण झालं ५०० भागिले ०.१५, म्हणजे सुमारे ३,३००. त्याचं निम्मं गुणिले वेळेचा वर्ग: ०.००१७ रेडियन, म्हणजे ०.१ अंश. क्रँकला फिरायचं आहे हे कळेपर्यंत ठोका संपलेला असतो. हा सोपा हिशोब नको असेल त्याने सोंगट्या लक्षात ठेवाव्यात, पण ०.१ अंशाचं मला आजही अप्रूप वाटतं. पाइपवर लोंबकळणारा माणूस बोल्टला जेवढा टॉर्क देतो त्याहून जास्त एक गन देते, आणि क्रँकचा टेकू म्हणून त्याचं स्वतःचं जडपण वापरते.

पोराच्या मित्राने घोडबंदर रोडवरून बॅटरीची गन आणली. खोक्यावर मोठ्या अक्षरात ७०० न्यूटन-मीटर. हे आकडे कंपनीच्या सोयीच्या जोडणीवर, आखूड काळ्या गोटीने, भरलेल्या बॅटरीवर मोजलेले असतात, हे त्या अक्षरांत नसतं. पहिल्यांदा पोराने चाकाच्या खोबणीत हात पोचावा म्हणून वीतभर एक्स्टेन्शन लावलं. दहा सेकंद खडखडाट झाला, बोल्ट ढिम्म.

का, ते बघा. अर्ध्या इंचाची २५० मिलिमीटर लांब पोलादी कांडी ३०० न्यूटन-मीटरला सुमारे २० अंश पिळते. म्हणजे तीही स्प्रिंगच. ठोका आला की आधी ती पिळते, मग उलट उसळते, आणि ठोक्याचं टोकदार शिखर चेपून बुटकं, रुंद होतं. कांडीचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो: जाडी दुप्पट केली की ताठरपणा सोळापट. त्यामुळे आम्ही बंपरखालची प्लास्टिकची जाळी काढली, एक्स्टेन्शन फेकलं, आखूड जाड काळी गोटी थेट गनवर बसवली. (चकचकीत क्रोमची गोटी गनवर लावू नका, ती तडकून उडते. चष्मा घाला.) तीन सेकंद, एक जड 'टक', आणि बोल्ट बाहेर.

आटे लख्ख होते. गंजाचा ठिपका नाही. डोक्याखाली मात्र घासून चकाकलेलं एक कडं होतं, १८० पैकी ९२ न्यूटन-मीटर जिथे बसले होते ते. बघे थोडे हिरमुसले.

सील संध्याकाळी बदलून झालं. बसवताना गन लागत नाही, हे पोराला आधीच सांगून ठेवलं होतं. गनने किती आवळलं जातं हे गनलाही ठाऊक नसतं, आणि टायरवाल्याने गनने आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झालं की तुमच्या पान्याला का जुमानत नाहीत, त्याचंही कारण हेच. आम्ही टॉर्क पाना घेतला. तेवढ्यात पोराने तेलाची बाटली उचलली. "आटे आणि वॉशर दोन्हीला चांगलं तेल लावतो काका, पुढच्या वेळी सहज सुटेल."

मी त्याला मॅन्युअल उघडायला लावलं. तेलाने घर्षणांक ०.१४ वरून ०.०९ वर आला तर त्याच १८० न्यूटन-मीटरला बोल्टची ओढ दीडपट होते, ७ टनांचे १० टनांच्या वर, आणि हा बोल्ट साधारण तेवढंच सोसू शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं: आट्यांना तेल, वॉशर कोरडा. त्याने वॉशर फडक्याने पुसला, मग शर्टाच्या कोपऱ्याने पुन्हा एकदा पुसला, आणि १८० ला पाना 'खट' वाजला तशी गोटी काढून घेतली.